बनाबाईचा खिरापतीचा डबा

"वळख पाहू पोरी, डब्यात काय हाये?"

बनाबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा हा आवाज पुष्पांजलीच्या कानात बसला तो लग्नानंतरच्या पहिल्या भुलाबाईच्या सणात. गाणी म्हणून झाली, टिपऱ्या खाली ठेवल्या, की बनाबाई झाकलेला पितळी डबा एकेकीच्या कानाशी नेऊन खुळखुळवायच्या. आतली खिरापत ओळखायची. पोरी दरवेळी हरायच्या. फुटाणे म्हणावं तर शेंगदाणे निघायचे, शेंगदाणे म्हणावं तर खोबऱ्याचे तुकडे. ओट्यावर बसलेले सासरे पंजाबराव मिशीत हसत. त्यांना नुसत्या आवाजावरून सगळं कळतं, अशी साऱ्या आळीची खात्री होती. पण पोरींनी "मामाजी, सांगा ना" म्हणून गळ घातली, की ते आभाळाकडं पाहून म्हणत, "मले काय मालूम."

बनाबाई गेल्या आणि ते 'मले काय मालूम'सुद्धा गेलं. वर्ष होत आलं, बायकोबद्दल पंजाबरावांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. नवरा दीपक म्हणायचा, "बाबा आधीपासूनच असे हायेत." पण पुष्पांजलीला ती शांतता घरात दिवसभर कुणीतरी उभं असल्यासारखी वाटायची. नवल एकाच गोष्टीचं होतं. बीपीची जी गोळी घ्यायला बनाबाईंना त्यांच्या मागं मागं फिरावं लागे, ती आता एकदाही चुकत नव्हती. चहाची वेळ झाली की पंजाबराव कोठीच्या खोलीत जात, दार लोटून घेत आणि ओठ पुसत बाहेर येत.

पुष्पांजलीने वरवट बकालच्या वाचनालयात लेखनाचा वर्ग सुरू केला, तो गावातले लेखक-कवी जागे व्हावेत म्हणून, असं ती सगळ्यांना सांगे. खरं सांगायचं तर तिला एकाच माणसाकडून एक ओळ हवी होती. म्हणून ती सासऱ्यांना ओढून न्यायची आणि पुढच्या सतरंजीवर बसवायची. तिनं नाना सराव दिले. 'पहिलं वाक्य माझं, पुढचं तुमचं.' 'घरातल्या भांड्याचं मनोगत लिहा.' गिरणीवाल्या शालिग्रामने चाळणीचं मनोगत असं लिहिलं, की गहू दळायला आणणाऱ्या बायका आठवडाभर चाळणीशी जपून वागल्या. शेजारच्या झुंबरबाईला लिहिता येत नव्हतं, ती ओवीच म्हणून टाकायची. पंजाबरावांचा कागद मात्र कोराच परत यायचा, घडीसुद्धा न मोडलेला.

मग भुलाबाईचे दिवस आले आणि पुष्पांजलीला डबा आठवला. कोठीत शोधलं तर तो मडक्यांच्या उतरंडीमागं, भिंतीला तोंड करून बसलेला. झाकण घट्ट. हलवला, तर आत काहीतरी जड, एकटंच आपटलं. सासूबाईंच्या हातची शेवटची खिरापत!  उघडायचा तिला धीर झाला नाही. 'बरंच झालं,' तिनं मनाशी म्हटलं, 'ओळखायचं तर मलाही ओळखू दे.' आणि डबा पदराआड घेऊन ती वाचनालयात गेली.

डबा लोखंडी टेबलावर ठेवताच पंजाबराव ताठ झाले.

"हा काऊन आनला?" ते म्हणाले.

वर्गात त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. पुष्पांजली मनातल्या मनात नाचली. "सराव आहे, मामाजी. डबा कानाशी न्यायचा, हलवायचा. आत जे आहे ते तुम्हाला काय म्हणतं, ते लिहायचं."

"दुसरा डबा घे. हा जुना हाये."

"हाच पाहिजे."

"चहाची वेळ झाली का?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग उठून डबा उचलायला गेले, तर वाचनालयाचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, "रांगेनं, पंजाबराव, रांगेनं." घाम पुसत ते परत बसले.

शालिग्रामने डबा हलवला आणि त्याचा चेहरा उतरला. "थे म्हनून राह्यलं, मले बाहेर काढा."

"लिहा, लिहा!" पुष्पांजली म्हणाली.

झुंबरबाईनं डबा कानाशी धरला, डोळे मिटले. बनाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या गळ्यातून ओवी आपोआप उतरली:

"डबा वाजे खुळुखुळु, आत कोन गं बोलते
बना गेली दूर गावा, तिची बांगडी हालते."

नेमकी तेव्हाच लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. बाहेरचं कोंबडंसुद्धा गप्प झालं. भगवंतराव घसा साफ करून म्हणाले, "भूत-बित काही नसते. शिकेल मानसाने असं—"

डबा हलला.

कुणीही हात लावलेला नव्हता. टेबलावर तो थरथरला, गुरगुरला आणि इंच इंच सरकत भगवंतरावांच्या दिशेनं निघाला. भगवंतराव खुर्चीवर चढले. डबा काठाशी येऊन थांबला आणि आतून, विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलावं तसा आवाज आला:

"अजी, आयकलं का? गोयी घेतली का?"

तो बनाबाईंचा आवाज होता. तीच ठसक, तोच शेवटचा हेल.

"घेतली वैनी! सकाईच घेतली!" शालिग्राम ओरडला आणि खिडकीतून बाहेर पडला. खोटं बोलल्याचं त्याला रस्त्यात आठवलं, म्हणून तो घरी धावला आणि शुगरची गोळी पाण्यावाचून गिळली. त्याच्या तोंडून बातमी गिरणीच्या रांगेत गेली, रांगेतून पारावर गेली. बनाबाई आली, अन गोळ्या इचारून राह्यली! मेलेलं माणूस विचारतं म्हणजे उगाच नसणार. ज्यांनी महिना महिना गोळ्यांना हात लावला नव्हता, ते डबे, पिशव्या, गादीखालच्या पुड्या उलथू लागले. त्या दिवशी वरवट बकालात एकाही म्हाताऱ्याची गोळी चुकली नाही.

वाचनालयासमोर गर्दी जमली. झुंबरबाई तेवढी आत टिकून होती. तिनं हात जोडून डब्याला विचारलं, "बना, माहा तांब्या तुह्याकडं राह्यला वो. कुठं ठेवला?"

डबा पुन्हा थरथरला. "अजी, आयकलं का? गोयी घेतली का?"

"मरून बी हिचं ध्यान नवऱ्यातच," झुंबरबाई रागानं म्हणाली. "माह्या तांब्याचं नावच नाई!"

पुष्पांजली डब्यापासून दोन पावलं मागं सरली. तिनं तर नुसता सराव दिला होता. आपण एका बाईला परत बोलावलं की काय? खुर्चीवरूनच भगवंतरावांनी निकाल दिला, "डबा नदीत सोडा. आत्ताच्या आत्ता. लाल फडक्यात बांधा, मांगं पाहू नका." बाहेरून दोघं-तिघं फडकं घेऊन आलेसुद्धा.

तेव्हा पंजाबराव उठले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि पोटाशी धरला.

"पंजाबराव, सोड बे," भगवंतराव हळू आवाजात म्हणाले. "थे आता बनाबाई नाई."

पंजाबरावांनी डबा आणखी घट्ट आवळला. फडकंवाले पुढं सरकले. पुष्पांजलीनं सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ती भुताची नव्हती, फडक्याची होती. तिला कोठीचं लोटलेलं दार आठवलं, चहाची वेळ आठवली. ती फडक्याच्या आणि सासऱ्यांच्या मध्ये उभी राहिली आणि सासूबाईंच्याच लयीत, हळूच विचारलं:

"वळखा पाहू मामाजी, डब्यात काय हाये?"

सगळे थांबले. पंजाबरावांची नजर सवयीनं आभाळाकडं गेली, पण वर छतच होतं.

"मले मालूम हाये," ते म्हणाले.

त्यांनी अंगठ्यानं झाकणाची एक कड दाबली, आणि इतकं घट्ट झाकण फुलासारखं उघडलं. आत बटनांचा जुना मोबाइल होता, जो हरवला असं त्यांनीच दीपकला सांगितलं होतं.

"भाचीच्या लग्नाले खामगावले गेली होती," ते मोबाइलकडं पाहत म्हणाले. "जायच्या आधी गजराच्या घंटीत आपला आवाज भरून गेली. मले गोयीची याद राहावी म्हनून. रोज चहाच्या वेळेले वाजते, बटन दाबेपर्यंत. दार लावून आयकतो. लोकं हासतील म्हनून..."

कुणी हसलं नाही. भगवंतराव खुर्चीवरून उतरले आणि खुर्ची पुसू लागले. तेवढ्यात झुंबरबाईनं डब्यात डोकावून पाहिलं.

"अन हे काय?" तिनं दोन बोटांनी बीपीच्या गोळ्यांची पट्टी वर काढली. "मंग गोया बी याच्यातच? म्हंजे साऱ्या गावानं घेतली, अन ज्याले इचारलं, थोच राह्यला!"

आता मात्र सगळे हसले, अगदी फडकंवालेसुद्धा. पुष्पांजली पाण्याचा पेला घेऊन आली. पंजाबरावांच्या हातात मोबाइल पुन्हा थरथरला. लाइट आलेली नव्हती, अंधुक खोलीत ती छोटी हिरवी काच तेवढी उजळली.

"अजी, आयकलं का? गोयी घेतली का?"

रोज या आवाजाला ते बटन दाबून गप्प करत. आज त्यांनी दाबलं नाही. ती जिवंत असताना याच प्रश्नाला त्यांचं 'हूं' एवढंच उत्तर असे. त्यांनी मोबाइल तोंडाजवळ नेला.

"नाई घेतली, बना," पंजाबराव म्हणाले. "अन तवाबी मी कधी इसरत नोतो वो. तू इचारावं, म्हनून गोयी तशीच ठेवत होतो."