दादारावकाकांच्या पिसवा

आमच्या शेजारच्या दादारावकाकांच्या बैठकीत पाय ठेवायचा, तर आधी गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे चढवावे लागतात. तेही अकोल्याच्या उकाड्यात! मोजे घालून गालिच्यावर चार फेऱ्या मारायच्या, मग काका चष्मा लावून तुमच्या पोटऱ्या तपासणार. पांढऱ्यावरून काळा ठिपका उडाला, की पिसवा अजून आहेत. चहा त्यानंतर. मी दोनदा गेले आणि त्या चहावर पाणी सोडलं.

पिसवा आणल्या मोतीने, म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याने. काकांनी त्याला थेट गालिच्यावर झोपवलं. आमची भिंत एक, त्यामुळे पिसवाही सामाईक. माझ्या घोट्यांची चाळण झाली होती आणि काकांचे उपाय काही संपत नव्हते. रोज गालिचा झाडायचा, कचरा पिशवीत गच्च बांधून बाहेर टाकायचा, चादरी उकळत्या पाण्यात बुडवायच्या, मोतीला साबण लावून बारीक फणीने विंचरायचं. मग गालिचा गच्चीवर नेऊन काठीने झोडपायचा, नेमका माझं वाळवण उन्हात असताना. वर ऐकवायचं, "अंडे फुटतात न वं बाई, पुन्हा कराच लागते. डोकं हाये का खोकं?" माझा संताप संताप व्हायचा.

काकांना आगेमागे कोणी नाही. मूर्तिजापूरकडच्या खेड्यात एक पुतण्या आहे, सुधाकर, तेवढाच. यंदा कपाशीवर अळी पडली होती आणि तो लोकांच्या शेतात रोजाने फवारणी करत होता. आमच्याकडे कपाशीचं औषध उरलं की लोक ढेकणांवर मारतात, पिसवांवर मारतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सुधाकरनेही उरलेलं औषध सरबताच्या बाटलीत भरून काकांसाठी आणलं.

काकांचा आवाज भिंतीतून आला. एकदाचं भांडून घ्यावं म्हणून मीही तावातावाने त्यांच्या दारात गेले.

"जहर हाये थे," काका ओरडत होते. "इथं गल्लीतले लेकरं बसतात, मोती लोळते. घरात आणतच कसा तू?"

सुधाकर हसला. "काका, मी तं रोज फवारून राहिलो. मले कुठं काय झालं?"

असं म्हणत तो डोळे चोळत होता. डोळे लालभडक झाले होते, सदऱ्याला औषधाचा उग्र वास येत होता. त्याच्या मालकाने तोंडाला बांधायला साधा रुमालही दिला नव्हता. माझ्या अंगाची आग झाली, पण आता ती काकांवर नव्हती.

काकांनी बाटली उंच फडताळात ठेवली, सुधाकरला मोरीवर बसवलं आणि लहान पोराचे धुवावेत तसे त्याचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. पुन्हा धुतले. डोळ्यांवर पाणी मारलं. मग खाली बघतच म्हणाले, "पिसवा चावतात तं चावू दे मले. तू उद्या फवारणीले जाऊ नोको."

"मंग मालक दुसरा माणूस पाह्यन, काका."

"पाहू दे. त्याले दुसरा भेटन," काका म्हणाले. "मले कुठून भेटन?"