तात्यांचा स्वतःलाच इशारा

आमच्या तात्यांइतका स्वतःशी भांडणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. बारा वर्षं ते कारखान्यातल्या युनियनचे पुढारी. नव्वदनंतर वारं फिरलं आणि कंपनीनं त्यांनाच समाजविकास अधिकारी केलं. गावकरी पाण्याच्या टाकीसाठी अर्ज घेऊन आले, की तात्या कपाळाला हात लावत. "विनंती कसली करताय? मागणी करा!" मग स्वतःच कागद ओढून लिहीत : 'सात दिवसांत टाकी न मिळाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' गावकऱ्यांच्या सह्या घेत, आवकचा शिक्का मारत, खुर्चीत बसून तोच कागद वाचत आणि भडकत. "ही भाषा कंपनी खपवून घ्यायची न्हाय!" गावकरी बिचारे माफी मागत. टाकी मात्र मिळे.

मी त्यांच्या वेळचा सहचिटणीस. म्हणजे सभा संपली, की सतरंज्या झटकणारा. पूर्वी दुपारच्या सुट्टीत आम्ही आठजण तात्यांच्या डब्यावर तुटून पडायचो. वहिनी भाकरी धाडायच्याच तेवढ्या. तात्या कंपनीच्या खुर्चीत बसले आणि आम्ही त्यांच्याबरोबर जेवणं टाकलं. ते येताना दिसले, की उठून शेडमागं जायचो. मी पडलो तत्त्वाचा माणूस. तत्त्व एवढंच, की बाकीचे उठायचे.

पुढं तात्या दर शनिवारी बारामतीच्या कॉलेजात कामगार कायदा शिकवू लागले. कंपनीनं नेमकं मलाच त्या वर्गाला धाडलं. मी मागच्या बाकावर अंग चोरून बसलो. तात्या शिकवतानाही भांडत : फळ्याच्या डावीकडं मालक, उजवीकडं कामगार. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही शेवटी कुणाचे?"

पोरं हसली. मीही हसलो, जरा जास्तच. तात्या डावीकडं गेले, उजवीकडं गेले. "फुडचं कलम घ्या," म्हणाले.

सुट्टीत त्यांनी मला गाठलंच. "दत्तोबा, ज्येवलास का?" डब्यात भाकरींची ही चळत.

"एवढ्या कशाला, तात्या?"

"तुझी वैनी अजून समद्यांचं करती."

"मग सांगा की त्यांना."

"काय सांगू? तिला वाटतं, आमी अजून संगंच जेवतो. शनवारी बी समदे क्लासला येत्यात, असं सांगतो." ते भाकरीकडं बघत राहिले. "घरी जाताना वाटंत कुत्र्यांस्नी घालतो."

मी स्टँडवर भरपेट मिसळ खाऊन आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"न्हाय ज्येवलो," म्हणालो आणि तीन भाकरी खाल्ल्या.