सोन्यावर रुसणारे दिघेजी

भर सराफ्यात सोन्याची कुडी सापडल्यावर तोंड उतरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. माझे शेजारी दिघेजी. कुडी चिमटीत धरून ते म्हणाले, "हॅत् तेरे की! सोनं निघालं, भिया!" आणि जवळच्या पेढीवर ती देऊन मोकळे झाले.

त्यांना हवे असत पितळी बिल्ले. लढाईच्या दिवसांत बाजारातली चिल्लर गायब झाली, तेव्हा आमच्याकडचे काही दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी आपापला ठसा मारलेले बिल्ले देत. पुढे चिल्लर आली, बिल्ले मोडीत गेले, लोक विसरले. दिघेजी विसरले नाहीत. मध्यभारत सरकारच्या कचेरीतून सुटले, की महूच्या कबाड्याकडून आणलेलं पलटणीचं सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन ते गल्लीबोळांत फिरत. कानांवर डबडी, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. पहिल्या दिवशी मल्हारगंजात लोकांना वाटलं, खरोखरच सुरुंग पेरलेत. अर्धी गल्ली रिकामी झाली. दिघेजी खूश! "चला, मोकळी जागा मिळाली!"

यंत्र किंचाळलं, की ते त्याहून मोठ्याने ओरडत, "बोली रे बोली!" म्हणजे मशीन बोललं. बहुतेक वेळा खिळा निघे. बिल्ला निघालाच, तर त्या दुकानदाराची शंभरी भरली म्हणून समजा. ओट्यावर ठाण मांडून उलटतपासणी सुरू. "भियाजी, तुमचे पिताजी डावखुरे होते ना? ठसा इकडे झुकलाय." दुकानदार आधी वैतागे, मग वडिलांच्या आठवणीत रमून चहा मागवी.

कुसुमवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या प्रकाराचा मनस्वी संताप. "यांना पोलिसांनी नेलं, तर मी ओळखही दाखवणार नाही," असं त्या आम्हाला बजावत. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण रबडी खाता खाता दिघेजींच्या तोंडून एकदा निसटलं होतं. वहिनींच्या वडिलांचं मल्हारगंजात कापूर-उदबत्तीचं दुकान होतं, बिल्ल्यावर ठसा घंटेचा. ते लग्नाआधीच वारले. मागे त्यांचा साधा फोटोही राहिला नाही. "त्यांचा एक बिल्ला मिळाला पाहिजे भिया, बस!"

आणि आता ते दुकान पाडून तिथे नव्या इमारतीचा पाया खणला होता. मुकादम म्हणाला, "बाबूजी, कल भराई है. जो ढूँढना है, आज ढूँढ लो."

आम्ही दोघे खड्ड्यात उतरलो. खिळे, बिजागऱ्या, कुलपाचा कोयंडा. उजेड उतरू लागला, तसा दिघेजींचा आवाजही उतरला. शेवटच्या कोपऱ्यात यंत्र किंचाळलं. मी खुरपं चालवलं. काळी पडलेली चकती निघाली. दिघेजींनी ती थुंकी लावून धोतराला घासली. त्यावर घंटेचा ठसा होता!

"बोली! भिया, बोली!" यंत्र खांद्यावर टाकून ते मल्हारगंजातून पळत सुटले. मी मागे.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. दिघेजींनी बिल्ला वहिनींच्या हातावर ठेवला.

"ही बाबांची घंटा," वहिनी म्हणाल्या. "स्वतः ठोकायचे हो. हातोडी बोटावर बसली, की मला फुंकर घालायला लावायचे." आणि त्या हमसून हमसून रडू लागल्या.

दिघेजींनी चपला काढल्या. "लग्नात पाया पडायचं राहून गेलं होतं ना," असं काहीसं पुटपुटले आणि वहिनींच्या तळहातावरच्या त्या बिल्ल्याला त्यांनी वाकून नमस्कार केला.

वहिनींनी डोळे पुसले. दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "औक्षवंत व्हा, जावईबापू."