नैरोबी, मुक्काम पोस्ट बार्शी

भार्गवीची नैरोबीच्या भारतीय वकिलातीत द्वितीय सचिव म्हणून नेमणूक झाली आणि सोलापुरात तिचे सासरे कमलाकरराव तिची बदली वैरागजवळ करून घ्यायच्या कामाला लागले.

कमलाकरराव स्त्रियांच्या प्रगतीच्या बाजूचे. सुनेच्या परराष्ट्र सेवेतल्या निवडीचे पेढे त्यांनी स्वतः गल्लीभर वाटले होते. पण मुलगा देवदत्त वैरागच्या शाळेत शिक्षक, आणि त्यांची स्वतःची अडतीस वर्षं सरकारी कचेरीत गेलेली. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर त्यांना तीस किलोमीटरच्या आत आणावं, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. शेकडो जोडपी त्यांनी आपल्या हातांनी एकत्र आणली होती. मग घरचंच जोडपं लांब राहू द्यायचं?

"बाबा, एक तारखेला रुजू व्हायचंय," भार्गवी म्हणाली. "नाही झाले तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि नैरोबीची वकिलात नैरोबीतच असते."

"कचेरी कुठंही हलवता येते गं. आमची तर तीनदा हलली की!"

त्यांनी अर्ज लिहिला. सदर वकिलात जनहितार्थ बार्शी येथे आणावी. बाजाराच्या मागे प्रशस्त गाळा रिकामा असून पाण्याची सोय आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेला कारकून बिरुदेव अजून नोकरीत होता. त्याला घरी बोलावून अर्ज दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"साहेब, अर्ज झकास हाय. पर अंतराचा दाखला न्हाय जोडला."

दाखला एसटीच्या आगारातून मिळाला. 'वैराग ते नैरोबी थेट गाडी नाही. प्रवाशांनी बार्शीला गाडी बदलावी.' कमलाकररावांना हुरूप आला. सरकारी कागदावर बार्शीचं नाव आलं म्हणजे निम्मं काम झालं.

बिरुदेवनं अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि नवीच अडचण निघाली. अर्ज प्रलंबित असताना कर्मचाऱ्यानं मुख्यालय सोडायचं नसतं. भार्गवीचं मुख्यालय कोणतं? कमलाकररावांच्या मते, सासर. एक तारीख चार दिवसांवर आली तरी तिची बॅग कपाटावरच होती. दोन देशांतली भांडणं मिटवायचं शिक्षण घेतलेली ती पोरगी कासावीस झाली होती, पण आवाज चढवला नाही.

"बिरुदेवकाका, कुणी कुणाकडं जायचं, असं नियमात लिहिलंय का?"

बिरुदेवनं कागद उलटेपालटे केले. "न्हाय की वो. देवदत्तसर बी तिकडं जाऊ शकत्यात."

"बायकोच्या मागं?" कमलाकरराव ताडकन उठले. "लोक काय म्हणतील?"

"मी इथंच राहतो, बाबा. सुट्टीत जाईन की," देवदत्त म्हणाला. "तिला जाऊ द्या."

"तू मध्ये बोलू नकोस. प्रकरण प्रलंबित आहे!"

तेव्हा कमलाकररावांची बायको, मुक्ताबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तुमची करमाळ्याला बदली झाली, तेव्हा मी मुख्याध्यापिका व्हायच्या बेतात होते. एका ओळीत राजीनामा लिहिला. त्याला कुणी अंतराचा दाखला मागितला नव्हता."

कमलाकररावांनी आठवून पाहिलं. करमाळ्याच्या कचेरीतली कपाटं आठवली, साहेबांची नावं आठवली; बायकोची नोकरी काही केल्या आठवेना. याची मात्र त्यांना मनापासून लाज वाटली, आणि ते खाली बसले.

मुक्ताबाईंनी त्यांच्याच खिशातलं पेन काढलं, अर्जावर 'दप्तरी दाखल', म्हणजे प्रकरण बंद, असं लिहून सही ठोकली. सही दिसताच बिरुदेवनं सवयीनं पिशवीतला शिक्का काढून मारला.

भार्गवी वेळेत पोहोचली. वर्षभरात तिनं तिथं जे करून दाखवलं ते ऐकण्यासारखं आहे, आणि खरं तर तेच सांगायला ही गोष्ट घेतली होती. पण गल्लीत ज्याला सांगायला जावं, तो आधी विचारतो, "मग देवदत्तच्या जेवणाचं काय?" तुमच्याही मनात तेच आलं असणार. करतो हो तो हातानं, आमटी तर फक्कड करतो. सकाळी पोळ्या जरा जाड होतात, पण शाळेची गाडी चुकत नाही. झालं समाधान? बघा, एवढ्यात कागद संपला आणि भार्गवीचं सांगायचं राहिलंच.