अण्णांचा मुहूर्त आणि मेहकची चिनी

फिरोजनं पोरीला चिनी शाळेत घातलं, तेव्हा रुबी कितीतरी दिवस नवऱ्याशी धड बोलली नव्हती. शाळा सणसवाडीला, फिरोजच्या कंपनीच्या बाजूलाच. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की मराठी बंद, हिंदी बंद, फक्त चिनी. मॅडम चिनीत 'बसा' म्हणत आणि स्वतः बसून दाखवत. कुणी मराठीत अर्थ विचारला, तर नुसत्या हसत आणि पुन्हा बसून दाखवत. बाईंच्या गुडघ्यांची कीव यावी, पण पोरं शिकत होती. कंपनीतली मशिनं चीनची, तेव्हा उद्या आपली मेहक थेट मॅनेजर, असं फिरोजनं मनात ठरवूनही टाकलं होतं.

ते मनातच ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण बापाच्या पोटात लेकीचं कौतुक राहतं थोडंच! शिरूरच्या मार्केट यार्डात चहा पिता पिता त्यानं सांगून टाकलं, की आमची मेहक चिनी पेपर वाचते. पोरगी पहिलीत, पेपर कसला वाचतेय! पण झालं, घरी रीघ लागली. कुणी फवारणीचा पंप आणला, कुणी मालिशचं मशीन. यावर काय लिहिलंय ते बघ म्हणायचे. मेहक बघायची, मान हलवायची आणि खेळायला पळायची. लेकरू दमलंय, असं सांगून फिरोज वेळ मारून न्यायचा.

मग सावळाराम अण्णा आले. अण्णा यार्डातले कांद्याचे बडे आडतदार. त्यांनी लहान-मोठा कांदा वेगळा करणारं मशीन चीनहून मागवलं होतं. चालवायला शिकवणारा माणूस सोमवारी येणार होता, पण मुहूर्त निघाला रविवारचा. मुहूर्त टळू देतील ते अण्णा कसले!

"फिरोजभाई, पोरीला घिऊन या," अण्णा म्हणाले. "मशीनवरची पाटी पाव्हण्यांम्होरं वाचून दावंल. शिरूरचं नाव काढंल."

अण्णांची पाठ वळताच रुबीनं निकाल दिला. "उद्या तिला वाचता आलं न्हाई, तर परवापास्नं ती आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथं काय शिकवत्यात ते मला तरी कळंल."

फिरोजचा स्वतःच्याच जिभेनं घात केला होता. पोरीची शाळा आता त्या पाटीवर टांगलेली.

रविवारी मंडप, पाहुणे, पेढे, सगळा थाट. मेहकला नव्या फ्रॉकमध्ये मशीनपुढं उभं केलं. पिवळ्या पाटीवर चिनी ओळीच ओळी. मेहक बघतच राहिली. शेवटी पोरीनं बारीक आवाजात चिनीत काहीतरी म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णा खूश. आता मराठीत सांग, म्हणाले. मेहकनं ओठ घट्ट मिटले. अर्थ मराठीत सांगायचा नाही, हा शाळेचा नियम, आणि तिच्या लेखी नियम म्हणजे नियम. फिरोजनं डोळे वटारले, विनवण्या केल्या. ढिम्म. रुबीनं तोंडाला ओढणी लावली.

एवढ्यात मुहूर्ताची वेळ झाली. पूजेला मशीन चालू पाहिजे, बंद मशीनची पूजा म्हणजे अपशकुन, हा अण्णांचा पक्का दंडक. बटण दाबलं, रूळ फिरायला लागले, नारळ फुटला. अण्णा एका हातात झेंडूचा हार धरून, दुसऱ्या हाताच्या बोटाला कुंकू लावून, थेट फिरत्या रुळांनाच टिळा लावायला वाकले.

फाट्! मेहकनं अण्णांच्या हातावर अशी चापट मारली, की अण्णा कळवळून मागं सरले आणि हार रुळांत पडला. पलीकडून झेंडूचा चुरा बाहेर आला.

यार्डात अण्णांपुढं कुणी आवाज चढवत नसे, चापट तर लांबच राहिली. फिरोजला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांनी चुऱ्याकडं पाहिलं. मग आपली बोटं एकेक हलवून पाहिली.

"पोरीनं बराबर वाचलं रं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तिला पेढा भरवला.

घरी आल्यावर रुबीनं लेकीला मांडीवर घेतलं आणि खरं विचारलं, पाटीवरचं सगळं आलं का?

"दोनच आले," मेहक म्हणाली. "एक 'हात' आन् एक 'नको'. बाकीचं दुसरीत हाय."

रुबीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. दोन शब्दांत एवढं होत असेल तर शिकू दे बाई, म्हणाली. "पण मोठ्या माणसाला एवढं जोरात मारत्यात व्हय गं?"

"मी आधी सांगितलं व्हतं की, हात नको," मेहक म्हणाली. "तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."