आर्लीनच्या भिंतीतल्या लाटा

"यंदाच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या घरात भांडणाचं कुणी नावसुद्धा काढणार नाही!" आर्लीनने आठवडाभर आधीच अख्ख्या डुलुथ गावाला सांगून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी सणाच्या जेवणातली भाजलेली टर्की कोणी कापायची यावरून तिचा नवरा हार्लन आणि थोरला दीर डेल्बर्ट यांची जुंपली होती. वडिलांची सुरी थोरल्याची, की ती सांभाळणाऱ्या धाकट्याची? दोघे सख्खे भाऊ, दोघेही प्लंबर. पण तेव्हापासून बोलणं बंद. आर्लीनला फार वाईट वाटायचं.

म्हणून तिने टपालाने कॅसेट मागवली. वरून नुसत्या समुद्राच्या लाटा. पण त्यांच्याखाली, कानाला न कळता मनात उतरेल असा संदेश : 'तुम्ही शांत आहात. तुम्ही क्षमा करता.' टेपरेकॉर्डर सोफ्यामागे लपवून तिने आवाज अगदी बारीक ठेवला.

भाऊ सोफ्याच्या दोन टोकांना बसले. पाचच मिनिटांत डेल्बर्टने कान टवकारले.

"हार्लन, पाणी वाहतंय."

वर्षभरातलं पहिलं वाक्य! आर्लीनचे डोळेच भरून आले.

"मघापासून ऐकतोय," हार्लन म्हणाला. "भिंतीत आहे."

"काहीतरीच! वारा असेल," आर्लीन घाईघाईने म्हणाली.

"अगं, तीस वर्षं पाइप जोडतोय आम्ही!" डेल्बर्ट सोफ्यावर चढला. "करवत आहे?"

"व्हॅनमध्ये. तोवर ही घे." हार्लनने चक्क वडिलांची सुरी पुढे केली. "थोरला तू. काप!"

प्लॅस्टरच्या पातळ फळ्यांची पोकळ भिंतच ती, केकसारखी कापली गेली. टर्की गार झाली. भिंतीला खिडकीएवढं भोक पडलं, आणि आत सगळं कोरडं ठणठणीत!

"डावीकडे काप म्हटलं होतं!"

"तूच म्हणालास इथे!"

आवाज चढू लागले. आर्लीन मध्ये पडली.

"आधी बॅटरी आणा व्हॅनमधून! दोघेही जा!"

ते बाहेर पडताच तिने टेप बंद केला आणि टेबलावरचा पाण्याचा जग भोकात रिकामा केला.

"ओलं आहे!" बॅटरीच्या उजेडात डेल्बर्ट ओरडला. "आपलं बरोबरच होतं!" भावांनी कडकडून मिठी मारली.

"पण आवाज थांबला की रे," हार्लन म्हणाला.

"म्हणजे वर तुंबलंय. उद्या बाथरूमची फरशी उखडू."

"आठवडाभर राहाच तू!"

आर्लीन मटकन खाली बसली. मन शांत करणाऱ्या कॅसेटची गरज आता तिलाच होती. पण लावायची सोय नव्हती!