टाचणीवाल्या वत्सलाबाई

आमच्या कर्जतच्या वाचनालयातली कादंबरी उघडली आणि बोटात टाचणी घुसली, की समजावं, हे पुस्तक आपल्याआधी वत्सलाबाईंनी नेलं होतं.

वत्सलाबाई माझ्याच शाळेत शिवण शिकवायच्या. पदराला कायम टाचण्या. कादंबरीत बायकोला मारणारा, पोरींना घालूनपाडून बोलणारा बाप आला, की तो ज्या पानांवर असेल ती सगळी पानं बाई एकत्र टाचून टाकत. दरोडेखोरांना माफी होती, खुन्यांनाही होती. अशा बापाला नाही.

मी तेव्हा नोकरीत नवीन होते. मधल्या सुट्टीत बाई डबा खाताखाता वाचायच्या, आणि वाचता वाचता पुस्तकातल्या माणसांशी भांडायच्या. "अगं, रडतेस काय? खोपोलीची गाडी पकड आणि सुट तिथनं!" ती नायिका बिचारी नागपूरकडची होती. पण बाईंच्या लेखी जगातल्या सगळ्या गांजलेल्या बायकांना खोपोलीची गाडी सोयीची होती.

एकदा त्यांच्या मागोमाग एक जाडजूड कादंबरी मी नेली. एका पानावर आई हसत भाकऱ्या थापतेय, पुढच्या उघड्या पानावर तिचा हात गळ्यात बांधलेला. मधे टाचणी. सोळाव्या वर्षी मुलगी शाळेत चाललीय, पान उलटलं तर बोहल्यावर. मधे दोन टाचण्या. शेवटी एक मयत झाली आणि घरातलं कोणीच रडेना. कोण मेलं हेच मला कळलं नाही.

वाचनालयाचे नाना वैतागले होते. मी एकदा पुस्तक बदलायला गेले, तर त्यांनी बाईंना उभं करून ठेवलं होतं.

"बाई, लोकांच्या बोटांना रक्त येतंय. वकीलसाहेबांची तक्रार आहे."

"आलं ना रक्त? झकास. त्या बाईचा हात मोडला तेव्हा कुठं होते तुमचे वकीलसाहेब?"

"अहो, ती गोष्ट आहे!"

"तुमच्यासाठी असेल," म्हणत बाईंनी नवी कादंबरी पिशवीत टाकली. नाना कपाळाला हात लावून बसले.

एका रविवारी संध्याकाळी, घरून कडावचे नवे तांदूळ आले म्हणून थोडे घेऊन मी भिसेगावात बाईंकडे गेले. दारात पाऊल ठेवते तोच ओसरीवरच्या खाटेवरून आवाज आला, "कोन हाय? बाईमानूसच असंल. या बायकांना घरं नायत का सोताची?"

बाई हसत बाहेर आल्या. "ये गं. आमचे बाबा. डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे."

चहा करताना त्या हळू आवाजात सांगत होत्या. मुलीच होतात म्हणून यानं आईला भर पावसात दोनदा घराबाहेर काढलं होतं. बाईंची पाटी विहिरीत फेकली होती. पुढं मामांनी शिकवलं म्हणून त्या शिकल्या. म्हातारपणी याला पुतण्यांनी ठेवून घेतलं नाही, तेव्हा बाईच जाऊन घेऊन आल्या.

"माफ केलंत?"

"छे! पण असा माणूस आतून कसा असतो, ते बघायचंय मला. रोज संध्याकाळी याला पुस्तक वाचून दाखवते. तसला बाप आला की पुढं उडी मारता यावी म्हणून टाचण्या. वाटतं, ऐकून याला लागेल. मग वाटतं, लागू दे की. पण हात टाचणीकडंच जातो मेला."

चहा झाला. बाईंनी ती हात मोडल्याची जाडजूड कादंबरी पुन्हा आणली होती, ती घेऊन त्या खाटेशी बसल्या. थोडं वाचलं असेल, तोच म्हातारा म्हणाला, "आज त्या टाचन्या काड."

बाईंनी पानावर हात ठेवला. "कसल्या टाचण्या?"

"आंदळा हाय, भयरा नाय. रोज उडी मारतेस. वाच, तो बाप काय करतो ते."

बाईंनी एकेक टाचणी काढली आणि वाचलं. बापानं ताट भिरकावलं. आईचा हात मोडला. म्हातारा हलला नाही.

"हात कुनी बांदला तिचा?"

"पोरीनं."

"केवडी पोर?"

"आठ वर्षांची."

म्हाताऱ्यानं चाचपडत हात पुढं केला, बाईंच्या हातातलं पुस्तक धरलं आणि विचारलं, "तू जेवलीस का गं?"

नानांपासून हेडमास्तरांपर्यंत कुणालाही न हार जाणाऱ्या वत्सलाबाई काढलेल्या टाचण्या पुन्हा पदराला लावू लागल्या. जन्मात हा प्रश्न त्यांना बापानं विचारलेला नव्हता.

"नाय अजून," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मंग जेव की. त्या बाईंनाबी वाड. मी थांबतो."

आत आम्ही दोघी जेवायला बसलो. बाईंनी माझ्या भातावर दोनदा आमटी घातली, स्वतःच्या भातावर घालायची विसरल्या. मधेच हसायच्या, मधेच नाक पुसायच्या. दारातून ओसरी दिसत होती. म्हातारा पुस्तक मांडीवर घेऊन, पान हरवू नये म्हणून त्यात बोट घालून, ताठ बसून राहिला होता.